काउंटर गेलं, मुलं आत आली

इंदूरच्या मुलाला कचरा कुठे टाकायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी गल्लीत येते आणि पोरं डबे घेऊन दारात उभी राहतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घरगुती घातक असे सहा भाग करायचे असतात. आमच्या धाकट्याला 'गीला' आणि 'सूखा' हे शब्द रंगांच्या नावांआधी आले. कारमध्ये छोटी कचरापेटी लटकलेली असते आणि खिडकीतून पाहुण्यांनी कागद टाकला तर मागच्या सीटवरून पोरंच ओरडतात. 2017 पासून सलग सात वेळा आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की पोहे-जिलेबीच्या आधी आपण त्यांना हे ऐकवतो.

आता याच मुलांना रविवारी संध्याकाळी एखाद्या सुपरमार्केटात बघा. एक ट्रॉलीत उभं राहून दोन्ही हात पसरून गाडी चालवतंय. दुसरं राजम्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलंय, कारण राजमा हाताला गार लागतो आणि छान आवाज करतो. तिसऱ्याने चिप्सचं पाकीट फोडलंय. चौथं जमिनीवर आडवं पडलंय, त्याचं कारण अजून कोणाला कळलेलं नाही. आणि आई-वडील फोनवर यादी शोधतायत.

आमच्याकडे थोरली सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा आहे. दोघंही आमच्याबरोबर मार्टला येतात. त्यामुळे हा विषय मला ऑफिसातल्या कुठल्याही मीटिंगपेक्षा जवळचा आहे.

माझे बाबा रामबागेत वाढले. त्यांच्या लहानपणी महिन्याचं सामान सियागंजातून यायचं. दुकानात शेठ गादीवर बसलेले, पुढे लाकडी काउंटर, मागे पोती आणि डबे. यादी वाचून दाखवायची, नोकर एकेक वस्तू तोलून कागदाच्या पुडीत बांधायचा. मुलं काउंटरच्या अलीकडे. हात पुढे केला तर शेठ गुळाचा खडा किंवा चार शेंगदाणे हातावर ठेवायचे. बाबा अजूनही त्या खड्याबद्दल बोलतात. "आम्हाला कोणी शिस्त लावली नाही, तरी आम्ही दुकानात कधी धिंगाणा घातला नाही," असं ते म्हणतात. मी त्यांना म्हटलं, "बाबा, शिस्त तुम्हाला काउंटरने लावली होती. तुम्हाला पलीकडे जाताच येत नव्हतं." ते हसले, पण त्यांना फारसं पटलं नसावं.

मला मात्र सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच दिसतं. 1916 साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. त्याने काउंटर काढून टाकलं आणि गिऱ्हाइकाला टोपली देऊन आत सोडलं. आपलं आपण उचला आणि दाराशी पैसे द्या. मग 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने टोपलीला चाकं लावली, कारण टोपली जड झाली की बायका खरेदी थांबवतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. गंमत म्हणजे सुरुवातीला लोक ती गाडी ढकलायला तयार नव्हते. शेवटी त्याने पैसे देऊन माणसं नेमली, गिऱ्हाईक असल्यासारखं गाड्या ढकलत फिरायला!

तर काउंटर गेलं आणि आपण आत आलो. आपल्याबरोबर मुलंही आत आली. त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या टप्प्यात सगळं उघडं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी मुलांना फक्त बघायची परवानगी होती, आता लिहायची आणि खोडायचीही आहे, आणि ॲडमिन कोणीच नाही. शेठचं ते अर्धं काम आता आई-बाबांकडे आलंय. दुकानात युनिफॉर्म घालून फिरणारा वीस-बावीस वर्षांचा भैया ते करू शकत नाही. गिऱ्हाइकाच्या मुलाला 'हात लावू नको' म्हटलं तर त्याचीच तक्रार होते. मी असं होताना पाहिलंय. मुलाने सरबताची बाटली फोडली, भैया फक्त म्हणाला, "बेटा, संभाल के," आणि बाटली फोडणाऱ्याच्या वडिलांनी मॅनेजरला बोलावलं. फरशी पुसली ती त्या भैयानेच.

हे सगळं शिष्टाचाराचं झालं. पण माझ्या मनात हा विषय पक्का बसला तो वेगळ्या कारणाने.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईची केमोथेरपी सुरू होती. त्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या की डॉक्टर बजावायचे, उघड्यावरचं आणि न शिजवलेलं काही द्यायचं नाही. फळ धुऊन, सोलून. पाणी उकळून. आईला भिजवलेल्या मनुका आवडतात, त्यामुळे तिच्यासाठी मनुका आणायला मी मार्टला गेलो. तिथे सुक्या मेव्याचे मोठे उघडे डबे असतात, स्कूपने पिशवीत भरून वजन करून घ्यायचं. डब्याजवळ दोन-अडीच वर्षांचं एक मूल उभं होतं. नाक वाहत होतं, चेहरा अतिशय गोड. एक मनुका तोंडात, मग बोट चाटायचं, मग हात परत डब्यात. शेजारी त्याची आई अंजीर बघत होती. त्या मुलाचा काय दोष? समोर गोड खाऊचा डबा उघडा आहे आणि कोणी काही म्हणत नाहीये.

मी भैयाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने डबा आत नेला. मी बंद पाकिटातल्या मनुका घेतल्या आणि घरी त्याही उकळत्या पाण्यातून काढल्या.

आई आता बरी आहे. पण उघडा डबा दिसला की अजूनही मला वाटतं, यातलं कोणाच्या घरी जाणार आहे ते आपल्याला माहीत नाही. तांदूळ, डाळी धुतल्या जातात, शिजतात, त्यांचं एवढं नाही. मनुका, खजूर, फुटाणे, खारे शेंगदाणे तसेच तोंडात जातात. कोणाच्या घरी केमो चालू असते, कोणाकडे किडनी बदललेली असते, कोणाकडे दहा महिन्यांचं बाळ असतं. पोट बिघडवणारे विषाणू आणि ते हात-पाय-तोंडावर फोड आणणारं दुखणं लाळेतून आणि न धुतलेल्या हातांतूनच पसरतं. मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर त्याचे मेसेज दर पावसाळ्यात येतात, तेव्हा आपण सगळे एकमेकांना काळजी घ्यायला सांगतो आणि शनिवारी मार्टला जातो.

म्हणून आमच्या घरात उघड्या डब्यांचा नियम एकदम कडक आहे. मुलांचे हात तिथे जात नाहीत. स्कूप आम्ही धरतो, पिशवीचं तोंड मुलांनी धरायचं. ताप, खोकला, जुलाब असेल तर ते मूल त्या दिवशी घरी. त्याला घरी ठेवायला कोणी नसेल तर खरेदी उद्यावर. एक दिवस बिनमनुकांचा गेल्याने काही होत नाही.

ट्रॉलीबद्दलही बोललं पाहिजे. ॲरिझोना विद्यापीठातल्या चार्ल्स गर्बा या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर अमेरिकेतल्या पाच मोठ्या शहरांत 85 ट्रॉल्यांच्या दांड्या आणि मुलांच्या बैठका तपासल्या होत्या. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. 62 ट्रॉल्यांवर कोलिफॉर्म जिवाणू सापडले. पुढे ज्या 35 नमुन्यांची ई. कोलायसाठी तपासणी केली त्यातल्या 18 मध्ये तो निघाला. बैठकीवर डायपरमधली मुलं बसतात आणि दांडीवर सगळ्यांचे हात, कच्च्या चिकनचं पाकीट उचललेले हातही. हे वाचून घाबरायची गरज नाही, एक ओला वाइप पुरतो. दांडी आणि बैठक पुसायची आणि दात येणाऱ्या बाळाला ती दांडी चावू द्यायची नाही. मांसाहारी घरांनी अजून एक बघावं. कच्चं मटण-चिकन मुलाच्या शेजारी ठेवू नये, वेगळ्या पिशवीत बांधून खाली ठेवावं. अमेरिकेतल्या तान्ह्या बाळांच्या साल्मोनेला आणि कँपिलोबॅक्टरच्या आजारांचा अभ्यास केला तेव्हा ट्रॉलीत कच्च्या मांसाजवळ बसणं हे त्यातलं एक कारण निघालं होतं.

कोविडच्या दिवसांत दाराशी सॅनिटायझरची बाटली असायची. ती अजूनही असते, रिकामी. भरलेली असली तरी जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि पाणीच बरं. घरी आल्यावर पहिलं काम हात धुणं, मग पिशव्या उघडणं. मुलं हा क्रम उलटा करायला बघतात, कारण पिशवीत त्यांचा खाऊ असतो.

आणि ट्रॉलीत उभं राहणं. आपण मराठी माणसं घरात चप्पल घालून फिरत नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच. पाहुण्याने बूट घालून आत पाय टाकला तर आजीच्या कपाळावर आठी येते. आणि आपणच बूट घातलेल्या मुलाला ट्रॉलीत उभं करतो, तो खाली उतरला की त्याच जागी पालक आणि कोथिंबीर ठेवतो. ते बूट पार्किंगमधून, मार्टच्या टॉयलेटमधून आलेले असतात. माझ्या आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काही बोलली नाही, तिने भाजी हातात धरून ठेवली आणि बिल होईपर्यंत तशीच धरली.

पडण्याचा धोका वेगळाच. अमेरिकेत 1990 ते 2011 या काळात ट्रॉलीमुळे लागून 15 वर्षांखालची 5 लाख 30 हजारांच्या आसपास मुलं इमर्जन्सी वॉर्डात आली. त्यातली सुमारे 70 टक्के पडून आणि सर्वाधिक मार डोक्याला. उंची आपल्या कमरेएवढी, खाली फरशी. बैठकीत पट्टा असेल तर लावावा, नसेल तर हात सोडू नये. चार वर्षांच्या पुढच्या मुलाने चालावं, हे माझं मत. धाकटा दर वेळी वाद घालतो. दर वेळी चालतो.

थंड वस्तूंची गोष्ट मला मुलांना समजावायला सर्वांत आवडते, कारण त्यात विज्ञान आहे. तुम्ही बिस्किटांच्या रॅकवर पनीरचं पाकीट पडलेलं पाहिलं असेल. किंवा आट्याच्या गोण्यांवर घामेजलेली मटारची पिशवी. कोणाच्या तरी मुलाने हट्ट केला, आईने ट्रॉलीत टाकलं, तीन रांगा पुढे गेल्यावर विचार बदलला आणि जिथे होतो तिथेच ठेवून दिलं. गोठवलेलं अन्न उणे 18 अंशांना ठेवायचं असतं. ते तासभर बाहेर राहिलं तर परत फ्रीजरमध्ये ठेवून विकता येत नाही, टाकावंच लागतं. आणि कोणी न बघता परत ठेवलं तर त्याहून वाईट, कारण ते कोणाच्या तरी ताटात येतं. आपल्या शहरातला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, रोज 550 टन ओला कचरा पचवायची त्याची क्षमता आहे, 2022 च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला. थोरलीने विचारलं, "मग पनीरची बस होईल ना?" होईल, पण पनीर बसपेक्षा भाजीत बरं, असं तिला सांगितलं. नको असलेली थंड वस्तू तिच्या जागी ठेवून यायची किंवा भैयाच्या हातात द्यायची, हे काम आता तिच्याकडे आहे. आपल्याच ट्रॉलीतली नाही, दुसऱ्यांनी टाकलेलीही ती शोधून आणते, त्यामुळे आम्हाला उशीर होतो.

बिल व्हायच्या आधी पाकीट फोडण्यावर घरात खूप चर्चा झाली. माझ्या मेहुण्याचं म्हणणं, "पैसे तर देणारच आहोत ना!" हिशेबाने त्याचं बरोबर आहे. पण चार वर्षांच्या मुलाला हिशेब दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की उचललं, फोडलं, खाल्लं. पैसे देणं त्याच्या मागे कधीतरी कार्ड टेकवून होतं, तेव्हा तो चॉकलेटांकडे बघत असतो. शिवाय ज्या हाताने ट्रॉली धरली त्याच हाताने चिप्स. भूक ही खरी अडचण असेल तर घरून खाऊ घालून न्यावं. बायको निघताना दोघांनाही वरण-भात खायला लावते आणि टॉयलेटला पाठवते. आमच्या घरातले बहुतेक तमाशे या दोन गोष्टींनी थांबले.

बिलाच्या रांगेतल्या चॉकलेटांचं मात्र मला मुलांपेक्षा दुकानांशी भांडण आहे. ती बरोबर चार वर्षांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेली असतात, आणि मूल थकलेलं असतं तेव्हाच समोर येतात. ही जागा कोणी चुकून निवडलेली नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांना जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ बिलिंगपाशी आणि दाराशी मांडायला बंदी आहे. आपल्याकडे होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही एकजण रांगेत उभं राहतो आणि दुसरा मुलांना घेऊन दाराबाहेर जातो. दोघं मोठे नसतील तर निघण्याआधीच ठरवायचं: आज एक वस्तू, तीही यादीत लिहिलेली. यादीत मुलाच्या हाताने 'बिस्किट' लिहिलं की त्याला त्या वस्तूचा अभिमान वाटतो. धाकट्याला लिहिता येत नाही, तो चौकोन काढतो.

बायकोचं एक मत माझ्यापेक्षा वेगळं आहे आणि ते इथे सांगायलाच हवं. ती म्हणते, एवढे नियम पाळायचे तर मुलांना नेताच कशाला? दहा मिनिटांत सगळं घरपोच येतं. तिचं ऑफिस, माझं ऑफिस, आई-बाबांच्या तपासण्या, यात तिचा मुद्दा खोटा नाही. आठवड्याचं दूध-भाजी आम्ही तसंच मागवतो. पण महिन्याच्या सामानाला मुलं आमच्याबरोबर येतात, कारण रांग लावणं, वाटेत ट्रॉली आडवी न ठेवणं, काठी घेऊन चालणाऱ्या आजींना आधी जाऊ देणं, भैयाला 'थँक्यू' म्हणणं, हे ॲपवर शिकता येत नाही. थोरली पाकिटावरची तारीख वाचते, हिरवा ठिपका शोधते, अर्धा किलो आणि पाचशे ग्रॅम एकच असतात हे तिला शाळेआधी मार्टमध्ये कळलं. मागच्या महिन्यात तिने तारीख उलटलेलं दही काढून भैयाला दिलं. तो म्हणाला, "दीदी, आप तो यहीं नौकरी कर लो." ती दोन दिवस घरी सगळ्यांना हेच सांगत होती.

आम्ही आता रविवार सोडून बुधवारी संध्याकाळी सातच्या आत जातो. गर्दी कमी असते, भैया लोकांनाही बोलायला वेळ असतो. थंड वस्तू शेवटी घेतो. कापडी थैल्या बाबा सांभाळतात, त्या धुऊन घडी करून ठेवणं हे त्यांनी स्वतःहून घेतलेलं खातं आहे, त्यात आम्ही कोणी हात घालत नाही.

परत येताना बाबा नमकीनच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावतात. तिथे अजून काउंटर आहे. मालक आतून विचारतात, "काय देऊ काका, लौंगी की साधी?" आणि चमच्याने थोडी थोडी शेव काढून पुढे करतात. दोन्ही मुलं बाबांच्या शेजारी उभी राहून तळहात पुढे धरतात, आणि चमचा आपल्यापर्यंत यायची वाट बघतात.